इमारत ‘सी-१’ ठरली, नोटीस लागली: कोर्टाकडे नेमकं काय मागायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विलेपार्ले पूर्वेला १९६२ सालची तळमजला अधिक तीन मजल्यांची आरसीसी इमारत, सगळे पागडीचे भाडेकरू, खाली चार दुकानं. मालकाने वर्षानुवर्षं दुरुस्ती केली नाही, भाडंही हल्ली घेत नाही. आता त्याने आणलेल्या इंजिनिअरने इमारत ‘सी-१’, म्हणजे अतिधोकादायक, ठरवली आणि पालिका कायद्याच्या कलम ३५४ ची महापालिकेची नोटीस दारावर चिकटली. भाडेकरूंचं म्हणणं, इमारत दुरुस्त होऊ शकते. कोर्ट स्टे देईल का? इमारत पाडली तर भाडेहक्क जातो का? लाइट-पाणी तोडता येतं का? आणि ‘मी स्टे आणून देतो’ म्हणणाऱ्या वकिलाला पैसे द्यावेत का?

मुंबईत मालक-भाडेकरू आणि धोकादायक इमारतींची प्रकरणं चालवण्यात माझी वकिली गेली. दोन्ही बाजूंनी उभा राहिलोय. त्यावरून आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. तुमची लढाई इमारत वाचवायची आहे की हक्क वाचवायचा, हे बिऱ्हाडकरूंनी बसून आज ठरवा. दोन्ही एकत्र वाचले तर उत्तमच. पण स्टेच्या मागे धावताना हक्काचे कागद गोळा करायचे राहून गेले, अशी प्रकरणं मी खूप पाहिली आहेत आणि त्यांचा शेवट वाईट झालाय.

स्टेबद्दल. इमारत पडेल की नाही हे न्यायाधीश ठरवत नाहीत, तसं ज्ञान आपल्याकडे आहे असा त्यांचा दावाही नसतो. ते दोनच गोष्टी बघतात. पालिकेने ठरलेली पद्धत पाळली का, आणि आपण स्थगिती दिली आणि पावसात काही झालं तर काय. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा जड असते. २०१३ च्या सप्टेंबरमध्ये डॉकयार्ड रोडची बाबू गेनू मंडईची इमारत कोसळली आणि ६१ माणसं गेली. ती तर महापालिकेचीच इमारत होती, कर्मचारी राहत होते. २०१७ च्या जुलैत घाटकोपरची साईसिद्धी पडली, १७ मृत्यू. तळमजल्यावर नूतनीकरणाचं काम चालू होतं. त्याच वर्षी ३१ ऑगस्टला भेंडी बाजारातली हुसैनी इमारत, ३३ मृत्यू. तिथे तर इमारत रिकामी करायचं आधीच सांगितलेलं होतं, काही कुटुंबं हलली होती, काही राहिली होती. या घटना झाल्यापासून ‘आम्ही आमच्या जबाबदारीवर राहतो’ असं प्रतिज्ञापत्र पुढे केलं की न्यायमूर्ती विचारतात, रस्त्यावरून जाणाऱ्याने कोणतं प्रतिज्ञापत्र दिलंय? काही प्रकरणांत अशी हमी घेऊन थोडी मुदत मिळते, पण ती मुदत सामान हलवायला असते. तिला स्टे म्हणायचं का, हे तुम्हीच ठरवा.

म्हणजे हात बांधून बसायचं का? अजिबात नाही. पद्धतीचा मुद्दा फार ताकदीचा आहे, फक्त तो वेळेत आणि इंजिनिअरच्या भाषेत मांडावा लागतो.

कलम ३५४ नीट वाचा. पडायला आलेली किंवा धोकादायक झालेली वास्तू पाडा, सुरक्षित करा किंवा दुरुस्त करा, असं आयुक्त मालकाला किंवा तिथे राहणाऱ्याला सांगू शकतात. म्हणजे पाडणं हा एकच पर्याय नाही. पालिकेची वर्गवारीही त्यावरच उभी आहे. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, लगेच रिकामी करून पाडायची. सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी संरचनात्मक दुरुस्ती किंवा काही भाग पाडणं. सी-२बी म्हणजे लोक राहत असतानाच संरचनात्मक दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ. तुमचं भांडण खरं तर ‘सी-१ की सी-२ए’ एवढंच आहे. सी-३ चा दावा करू नका. साठ वर्षं उलटलेल्या, कधीच हात न लागलेल्या इमारतीबद्दल तसं म्हटलंत की तुमच्या बाकीच्या म्हणण्यावरचाही विश्वास उडतो. सी-२ए मध्येही घर सोडावंच लागतं, हे मात्र सगळ्या बिऱ्हाडकरूंना आधी समजावून सांगा. फरक एवढाच, की परत यायची जागा तीच इमारत असते.

२०१४ च्या जूनमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने महापालिकेनेच केलेल्या याचिकेत धोकादायक इमारतींसाठी मार्गदर्शक सूचना घालून दिल्या. आज रोजच्या कामात आम्ही त्यावरच चालतो. भाडेकरूंना स्वतःचं स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची इंजिनिअरकडून तपासणी, करून घेण्याचा अधिकार आहे. मालकाचा अहवाल आणि भाडेकरूंचा अहवाल परस्परविरोधी आले, तर प्रकरण पालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे, म्हणजे सगळे जिला टॅक म्हणतात तिच्याकडे जातं. पाडकामाच्या आधी प्रत्येक भाडेकरूच्या ताब्यातल्या जागेचं क्षेत्रफळ मोजून नोंदवायचं. आणि लोक निघालेच नाहीत तर पाणी-वीज तोडून, पोलिसांच्या मदतीने, कमीत कमी बळ वापरून इमारत रिकामी करता येते. म्हणजे तुमच्या लाइट-पाण्याच्या प्रश्नाचं उत्तर दोन तुकड्यांत आहे. मालकाने तोडलं तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ चा भंग, बांद्र्याच्या लघुवाद न्यायालयात जा. पालिकेने सी-१ जाहीर करून, नोटीस देऊन तोडलं तर तिथे फार दाद मिळत नाही.

आता ऑडिटबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण प्रकरण इथेच जिंकलं किंवा हरलं जातं.

मालकाचा अहवाल हातात घ्या आणि मागची पानं उघडा. पुढची पानं सगळ्या अहवालांत सारखीच असतात, पोपडे पडलेल्या स्लॅबचे आणि झाड उगवलेल्या पाइपाचे फोटो. मागे चाचण्यांची कोष्टकं हवीत. अल्ट्रासॉनिक पल्स व्हेलॉसिटी (काँक्रीटमधून ध्वनिलहर किती वेगाने जाते), रिबाउंड हॅमर (पृष्ठभागाचा टणकपणा), हाफ-सेल (सळईचा गंज), कार्बोनेशन, आणि शक्य तिथे कोअर, म्हणजे काँक्रीटचा गोल तुकडा, काढून केलेली दाब-चाचणी. कोष्टकात कॉलमचे क्रमांक आहेत का बघा, आणि ते नकाशाशी जुळतात का. मी असे अहवाल पाहिलेत, ज्यात चाचणी फक्त जिन्याखालच्या आणि संडासाच्या बाजूच्या कॉलमवर झालेली असते. इमारतीतला सगळ्यात सडलेला कोपरा नेहमी तोच असतो. उलटही होतं. भाडेकरूंचा इंजिनिअर आतल्या, कोरड्या खोल्यांतले कॉलम निवडतो. टॅकमधल्या माणसांना दोन्ही खोड्या पाठ आहेत. म्हणून तुमच्या इंजिनिअरला सांगा, वाईटातला वाईट कॉलमही घ्या आणि त्याचं काय करता येईल ते लिहा.

आकडे कसे वाचायचे? पल्स व्हेलॉसिटी सेकंदाला ३.५ किलोमीटरच्या वर असेल तर काँक्रीट चांगलं मानतात, ३ च्या खाली गेलं तर शंकास्पद. हाफ-सेलमध्ये उणे ३५० मिलिव्होल्टच्या पलीकडे गेलं की सळईला गंज चढत असण्याची शक्यता खूप मोठी. पण कोर्टात सगळ्यात चटकन समजते ती कार्बोनेशनची चाचणी, आणि ती करताना भाडेकरूंनी समोर उभं राहून बघावी. कॉलमचा थोडा भाग ताजा फोडतात, धूळ झटकतात आणि त्यावर फिनॉल्फथेलिनचं द्रावण मारतात. निरोगी काँक्रीट काही क्षणांत गडद गुलाबी होतं. जिथे हवेतला कार्बन डायऑक्साइड आत शिरून काँक्रीटचा अल्कलीपणा संपलाय, तिथे रंगच येत नाही. मग पट्टी लावून मोजायचं: बाहेरून किती मिलिमीटर बिनरंगाचं, आणि सळई किती मिलिमीटर आत. गुलाबी रेषा सळईच्या बाहेरच थांबली असेल तर सळईभोवतीचं संरक्षण शाबूत आहे. सळईच्या मागे गेली असेल तर ती गंजणारच, नुसतं प्लास्टर करून काही होत नाही. या क्षणाचा फोटो पट्टीसकट घ्या, शेजारी कॉलम क्रमांकाची चिठ्ठी ठेवून. असे फोटो जोडलेल्या याचिकेला मी कधी ‘पुढची तारीख’ एवढंच उत्तर मिळालेलं पाहिलं नाही.

एक सूचना. तुमच्या इंजिनिअरने नुसतं ‘दुरुस्तीयोग्य’ लिहून भागत नाही. किती कॉलमना जॅकेटिंग (बाहेरून नव्या काँक्रीटचं वेष्टण), किती बीमना, कुठला स्लॅब तोडून नव्याने टाकायचा, कामाच्या आधी टेकू कुठे लावायचे, अंदाजे खर्च किती, मुदत किती आणि दुरुस्तीनंतर इमारत किती वर्षं चालेल, हे सगळं सहीनिशी हवं. आणि मग न्यायमूर्ती लगेच विचारतात, पैसे कोण देणार? इथे गप्प बसलात की सी-२ए चा मुद्दा संपला. दर बिऱ्हाडामागे वर्गणी ठरवून, वेगळं बँक खातं उघडून, त्यात रक्कम जमा करून मग कोर्टात या. मालकाने काम केलं नाही तर राहणाऱ्याने आयुक्तांच्या मान्यतेने ते करावं आणि खर्च मालकाकडून वसूल करावा, अशी सोय पालिका कायद्याच्या कलम ४९९ मध्ये आहेच. भाडे कायद्याच्या कलम १४ मध्येही मालकाला पंधरा दिवसांची नोटीस देऊन दुरुस्ती करायची आणि भाड्यातून वळती करायची वाट आहे, पण वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाची मर्यादा आहे. पागडीचं भाडं बघता त्यात एक टेकूसुद्धा येणार नाही. कागदावर मालकाची कसूर दाखवायला मात्र ती नोटीस उपयोगी पडते, म्हणून द्याच.

टॅकने तुमच्या विरोधात निर्णय दिला तर उच्च न्यायालय त्यात सहसा हात घालत नाही. सुनावणीच दिली नाही, तुमचा अहवाल वाचलाच नाही, जागेवर न जाताच ठरवलं, असं काही ठोस असेल तरच. म्हणून टॅकपुढची सुनावणी म्हणजे औपचारिकता समजू नका. तिथे तुमचा इंजिनिअर स्वतः हजर हवा. वकील नसला तरी चालेल. (हे वकिलाने लिहिणं बरं दिसत नाही, पण खरं आहे.)

आता हक्काकडे येतो. तुमच्या जागी मी असतो तर माझी निम्म्याहून जास्त शक्ती इथे लावली असती.

इमारत पडली किंवा पालिकेने पाडली म्हणून भाडेहक्क संपत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये शहा रतनसी खिमजी विरुद्ध कुंभार सन्स हॉटेल या महाराष्ट्रातूनच गेलेल्या प्रकरणात हे स्पष्ट केलं. तिथेही महापालिकेने इमारत पाडली होती. आधीचा, भाडेकरूच्या विरोधात जाणारा निकाल त्यात बाजूला सारला गेला. शिवाय कलम ३५४ मध्येच दुरुस्ती करून अशी तरतूद आली आहे, की या कलमाखालच्या कारवाईने मालक आणि भाडेकरू यांचे आपसातले हक्क, परत ताबा मिळण्याच्या हक्कासकट, बाधित होत नाहीत. ‘घर सोडलं की संपलं’ असं जिन्यात कोणी म्हणत असेल तर त्याला हे सांगा.

पण हक्क शाबूत राहणं आणि तो सिद्ध करता येणं यात फरक आहे. इमारत जमीनदोस्त झाल्यावर तुमची खोली किती मोठी होती हे दाखवायला भिंतच उरत नाही. म्हणून मोजणी. पालिकेचा अभियंता क्षेत्रफळ मोजायला येईल तेव्हा प्रत्येक घरातलं एक मोठं माणूस हजर राहू द्या. चटई क्षेत्र आतल्या भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजलं जातं. पोटमाळा, बंद केलेली गॅलरी, दुकानामागचं वाढवलेलं कोठार, यावर तिथेच वाद होतात. जागच्या जागी भांडू नका. तक्त्यावर ‘हरकतीसह’ लिहून सही करा आणि त्याच दिवशी लेखी हरकत आवक शिक्क्यासह वॉर्ड कार्यालयात द्या. गॅलरी जुनीच बंद असेल तर महापालिकेच्या करनिर्धारण खात्यातून इन्स्पेक्शन एक्स्ट्रॅक्ट, म्हणजे जुन्या पाहणीच्या नोंदींचा उतारा, काढा. निवासी बांधकामाला १७ एप्रिल १९६४ आणि व्यापारी बांधकामाला १ एप्रिल १९६२ या तारखांच्या आधीचं अस्तित्व दाखवता आलं तर ते सहन केलेलं बांधकाम धरलं जातं. तुमची इमारत १९६२ ची, म्हणजे या तारखा तुमच्यासाठी अगदी काठावरच्या आहेत. दुकानदारांनी यात जास्त लक्ष घालावं. त्याच एक्स्ट्रॅक्टमध्ये त्या-त्या वर्षी कोण भाडेकरू होतं याचीही नोंद सापडते. ज्यांच्या पावत्या आजोबांच्या नावावर आहेत आणि वारसांत वाद आहेत, त्यांना हा कागद फार कामाला येतो.

मालक भाडं घेत नसला तरी दर महिन्याला मनिऑर्डरने किंवा बँकेतून पाठवत राहा. परत आलेल्या मनिऑर्डरचं कुपन फेकू नका.

आणि मालकाच्या पुढच्या चालीवर लक्ष ठेवा. भाडे कायद्याच्या कलम १६(१)(आय) खाली पाडून नवं बांधण्यासाठी ताबा मागायचा तर मालकाला पैसे आहेत, नकाशे-अंदाजपत्रक तयार आहे, हे कोर्टाला पटवावं लागतं आणि नव्या इमारतीत भाडेकरूंना जागा देण्याची हमी द्यावी लागते. १६(१)(के) मध्ये, म्हणजे पालिकेने पाडायला सांगितलंय म्हणून ताबा हवा असेल तर, तशा अटी लिहिलेल्या नाहीत. म्हणून बरेच मालक आधी स्वतःच दुरुस्ती टाळतात, मग ऑडिट आणतात, मग नोटीस, मग (के). तुमच्या प्रश्नातली हकीगत वाचून मला हाच क्रम दिसतो, पण तो कोर्टात दाखवायला दुरुस्तीच्या जुन्या मागण्यांची पत्रं लागतील. ती शोधा. १९९० चं पत्र असलं तरी चालेल.

तर मग याचिकेत मागायचं काय? माझ्या मते स्टे ही मागणी असू दे, पण शेवटची. आधी हे मागा: दोन्ही अहवाल टॅककडे पाठवावेत आणि ठरावीक मुदतीत सुनावणी देऊन, कारणांसह निर्णय व्हावा. तोवर मालकाने किंवा पालिकेने टेकू लावावेत, नाहीतर भाडेकरूंना लावू द्यावेत. निर्णय सी-१ चाच आला तर आधी मोजणी, भाडेकरूंची यादी आणि चित्रीकरण, त्याच्या प्रती प्रत्येकाला, आणि मगच पाडकाम. मालकाने भाडेकरूंचा हक्क नोंदवल्याशिवाय भूखंडावर तिसऱ्याचा हक्क निर्माण करू नये. आणि पुनर्बांधणीचा नकाशा विकास नियंत्रण नियमावली २०३४ च्या ३३(७)(ए) खाली किंवा लागू असेल त्या नियमाखाली येईल तेव्हा या यादीतल्या प्रत्येकाला त्यात जागा दाखवल्याशिवाय पालिकेने मंजुरी देऊ नये. ही शेवटची मागणी कोर्ट बहुधा मान्य करतं, कारण त्यात कोणाच्या जिवाला धोका नाही आणि मालकाला ‘नाही’ म्हणायला तोंड उरत नाही. पडीक भूखंड ठेवून भाडेकरूंना थकवायचा मालकाचा बेत असेल तर त्यावर याहून चांगला उपाय मला माहीत नाही.

पर्यायी घराचं मात्र गृहीत धरू नका. शहर भागातल्या उपकरप्राप्त, म्हणजे ३० सप्टेंबर १९६९ पर्यंतच्या सेस इमारतींसाठी म्हाडाचं दुरुस्ती मंडळ आणि संक्रमण शिबिरं असतात. पार्ल्याची इमारत त्यात बसत नाही. खासगी मालकाच्या इमारतीतल्या भाडेकरूला घर द्यायचं बंधन पालिकेवर नाही आणि कोर्टही सहसा तसं सांगत नाही. भाड्याच्या घराचा खर्च किमान दोन-तीन वर्षांचा धरून चला. म्हाताऱ्या माणसांना आधी हलवा. एकदा पोलीस आले की पलंगासकट उचलावं लागतं, आणि ते बघवत नाही.

वकिलाबद्दल विचारलंत. ‘स्टे आणतो’ एवढंच बोलणारा आणि ऑडिट मागून न घेणारा असेल तर नमस्कार करून बाहेर पडा. नोटिसा नेहमी पावसाळ्याच्या तोंडावर, एप्रिल-मेमध्ये निघतात. त्याच सुमाराला उच्च न्यायालयाला उन्हाळी सुट्टी असते, सुट्टीतल्या न्यायपीठापुढे तातडीची सुनावणी मागावी लागते आणि तिथे इमारतीचा अहवाल नसेल तर दोन मिनिटांत प्रकरण संपतं. त्यामुळे इंजिनिअर आज बोलवा, वकील परवा. चाचण्यांचे निकाल यायला आठवडा-दोन आठवडे सहज जातात. तेवढ्यात दुरुस्तीच्या मागणीची पत्रं, पावत्या आणि इन्स्पेक्शन एक्स्ट्रॅक्ट गोळा करा, आणि ‘आमचं स्वतंत्र ऑडिट चालू आहे, अहवाल अमुक तारखेपर्यंत देतो, तोवर टॅककडे पाठवण्याचा आमचा हक्क राखून ठेवतो’ असं पत्र सहाय्यक अभियंत्याच्या (इमारत व कारखाने) टेबलावर आवक शिक्क्यासह पोचवा. सह्या सगळ्या बिऱ्हाडकरूंच्या हव्यात. दुकानदारांच्याही. मालकाकडून गुपचूप पैसे घेऊन जायला तयार झालेला एखादा असतोच. त्याची सही नसली तरी पत्र थांबवू नका.